काठी, सावली आणि पडदा
ऑनलाइन साधनांच्या साहाय्याने शालेय विज्ञानाचे अध्यापन

शाळेच्या पटांगणात रोवलेली एक मीटर लांबीची काठी आणि तिची सावली मोजण्यासाठी एक मोजपट्टी, एवढ्या साहित्यावर पृथ्वीचा परीघ मोजता येतो, असे सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला सांगितले तर त्याला ते खरे वाटणार नाही. परंतु कोल्हापुरातील एखादी शाळा आणि धुळ्यातील एखादी शाळा यांनी एकाच दिवशी भरदुपारी आपापल्या पटांगणातील सावली मोजली आणि ती मापे एकमेकींस कळविली, तर हे काम दोन तासांत होते. अशा दोन शाळांची गाठ घालून देणे, त्यांना स्थानाचे अक्षांश व सूर्य माथ्यावर येण्याची वेळ पुरविणे आणि त्यांची मापे क्षणार्धात इकडून तिकडे पोचविणे, हे आज आंतरजालामुळे सहजसाध्य झाले आहे.

विज्ञानाच्या अध्यापनात ऑनलाइन साधनांचा उपयोग कसा करावा, या प्रश्नाचे उत्तर या लहानशा उदाहरणात आहे. पडद्याने विद्यार्थ्याला पटांगणात, बागेत वा प्रयोगाच्या टेबलाकडे पाठविले, तर त्या साधनाचा उपयोग झाला असे म्हणावे. त्याला पडद्यासमोरच बसवून ठेवले, तर पूर्वीच्या खडू-फळ्याची जागा एका अधिक खर्चिक फळ्याने घेतली, इतकेच म्हणावे लागेल.

पूर्वीचे प्रयत्न

पडद्याच्या साहाय्याने विज्ञान शिकविण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो प्रयोग भारतात झाला, तो सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत पोचला होता. शाळकरी मुलांसाठी त्यात सकाळच्या वेळी स्वतंत्र कार्यक्रम असत. त्यापूर्वीच, १९७२ मध्ये, मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात अगदी वेगळ्या वाटेने जाणारा एक उपक्रम सुरू झाला होता. तेथे पडदा नव्हता. ग्रामीण शाळांतील मुले स्वतः प्रयोग करीत, निरीक्षणे नोंदवीत आणि त्यांवरून निष्कर्ष काढीत. एका प्रयोगाने दूरवर पोचण्याचे सामर्थ्य दाखविले, तर दुसऱ्याने हाताने शिकण्याचे मोल दाखविले. या दोन्हींचा मेळ घालणे ही आजची गरज आहे.

असा मेळ घालता येतो, याचा अनुभव महाराष्ट्राने कोविडच्या काळात घेतला. मार्च २०२० मध्ये शाळांची दारे बंद झाली. ज्या घरांत इंटरनेट नव्हते, तेथील मुलांपर्यंत पोचण्यासाठी त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. घरातील आणि परिसरातील वस्तू घेऊन मुलांनी स्वतः कृती कराव्यात, यावर तिचा भर होता. पडदा दूरचित्रवाणीचा असो वा मोबाइलचा, 'आता तू हे करून पाहा' असे तो मुलाला सांगतो की नाही, हाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

मराठी शिक्षकाच्या हाताशी असलेली सामग्री

आज मराठी माध्यमाच्या शिक्षकाला विनामूल्य मिळू शकणारी सामग्री थोडीथोडकी नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या 'बालभारती'ची पाठ्यपुस्तके आता आंतरजालावरून उतरवून घेता येतात. पाठ्यपुस्तकांत छापलेल्या क्यूआर कोडद्वारे 'दीक्षा' या राष्ट्रीय शैक्षणिक मंचावरील पूरक साहित्यापर्यंत जाता येते. हा मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी, म्हणजे शिक्षकदिनी, सुरू झाला.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मराठी विश्वकोशही आता ऑनलाइन वाचता येतो. एखाद्या खनिजाविषयी, वनस्पतीविषयी किंवा शास्त्रज्ञाविषयी विद्यार्थ्याने प्रश्न विचारला आणि पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर नसले, तर शिक्षकाने प्रथम याच ग्रंथाकडे वळावे. इंग्रजी संज्ञेला मराठी प्रतिशब्द कोणता, अशी शंका आल्यास भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही आंतरजालावर आहेत.

करून पाहण्याच्या विज्ञानासाठी श्री. अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ विशेष उल्लेखनीय होय. कानपूरच्या आय.आय.टी.मधून अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते पुण्यातील एका मोटार कारखान्यात रुजू झाले. १९७८ मध्ये त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि होशंगाबादच्या त्या उपक्रमात काम केले. काडेपेटीतील काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुन्या बाटल्या आणि वापरलेली स्ट्रॉ यांपासून केलेली त्यांची वैज्ञानिक खेळणी पुढे देशभर पोचली. पुण्यातील 'आयुका' या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. या खेळण्यांच्या कृती दाखविणाऱ्या छोट्या चित्रफिती आणि शेकडो पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली आहेत. मराठी साहित्याचाही त्यांत समावेश आहे.

प्रयोगाची अनुकृती पडद्यावर दाखविणारी साधने वेगळ्या प्रकारची आहेत. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाच्या अनेक अनुकृती मराठीतही उपलब्ध आहेत. अमृता विश्वविद्यापीठ आणि मुंबईचे सी-डॅक यांनी मिळून विकसित केलेल्या 'ओलॅब्ज' या आभासी प्रयोगशाळेत नववी ते बारावीच्या अभ्यासक्रमातील प्रयोग आहेत. आकाशदर्शनासाठी 'स्टेलेरियम' हे विनामूल्य साधन आहे. आपल्या गावाचे नाव आणि हवी ती तारीख दिली की त्या रात्रीचे आकाश ते पडद्यावर उभे करते.

कोणते साधन कशासाठी?

एवढी विपुल सामग्री समोर असताना निवड कशी करावी, हा प्रश्न शिक्षकाला पडणे स्वाभाविक आहे. त्यासाठी एक साधा नियम उपयोगी पडेल : जे डोळ्यांना दिसू शकत नाही ते पडद्यावर दाखवावे, जे हाताला येऊ शकते ते हातातच द्यावे.

अणूची रचना, हृदयाच्या झडपांची उघडझाप, ज्वालामुखीचा उद्रेक, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळचा प्रदेश या गोष्टी वर्गात आणता येत नाहीत. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, ते दृश्य देशभरातील मुलांनी प्रत्यक्ष प्रक्षेपणातून पाहिले. तेथे पडद्याला पर्याय नव्हता. परंतु बी रुजताना पाहणे, लोहचुंबकाला टाचण्या चिकटताना पाहणे, पाण्यात मीठ विरघळताना पाहणे यांसाठी चित्रफीत लावणे म्हणजे घरात आंबा असताना त्याचे चित्र दाखविण्यासारखे आहे.

काही विषयांत मात्र दोन्ही साधने एकापाठोपाठ एक लागतात. साध्या विद्युत परिपथाचे उदाहरण घेऊ. 'विद्युतप्रवाह बल्बमध्ये जळून संपतो आणि उरलेला परत येतो' अशी समजूत पुष्कळ मुलांच्या मनात असते. नुसता पेटलेला बल्ब पाहून ती दूर होत नाही, कारण प्रवाह डोळ्यांना दिसत नाही. 'फेट'च्या अनुकृतीत तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे ते सारख्याच गतीने जात असल्याचे आणि दोन्हीकडे प्रवाहमापक सारखाच आकडा दाखवीत असल्याचे मूल स्वतः तपासू शकते. प्रवाह तेवढाच राहतो आणि बल्बला मिळते ती ऊर्जा, ही गोष्ट येथे स्पष्ट होते.

परंतु धडा येथे संपवू नये. पडद्यावरील बल्ब बिनचूक पेटतो. खरा बल्ब तसा पेटत नाही. तारेवरचे आवरण खरवडायचे राहून जाते, सेल जुना निघतो, बल्ब होल्डरमध्ये सैल बसतो. अशा वेळी दोष कोठे आहे हे एकेक जोड तपासून शोधून काढणे, हेच विज्ञानाचे खरे शिक्षण होय, आणि कोणतीही अनुकृती ते पूर्णपणे देऊ शकत नाही. म्हणून अनुकृती पाहून झाल्यावर प्रत्येक गटाच्या हाती टॉर्चचा एक सेल, एक छोटा बल्ब आणि तारेचे दोन तुकडे द्यावेत. भिंतीवरील विजेच्या प्लगशी असे प्रयोग कदापि करावयाचे नाहीत, हेही त्याच वेळी बजावून सांगावे.

दोन शाळा आणि एक सूर्य

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या सावलीच्या प्रयोगाकडे वळू. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे एराटोस्थेनिस नावाचा विद्वान होऊन गेला. दक्षिणेकडील सायेनी या गावी वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि खोल विहिरीच्या तळाशी त्याचे प्रतिबिंब दिसते, हे त्याला ठाऊक होते. त्याच दिवशी अलेक्झांड्रियात मात्र उभ्या वस्तूची सावली पडत होती आणि ती वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा कोन दाखवीत होती. सूर्यकिरण समांतर येत असतील, तर हा कोन पृथ्वीच्या गोलाकारामुळेच पडलेला असला पाहिजे, असे त्याने ताडले. म्हणून दोन गावांमधील अंतराच्या पन्नासपट तो पृथ्वीचा परीघ, असे गणित त्याने मांडले.

महाराष्ट्र या प्रयोगाला फार अनुकूल आहे. संपूर्ण राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे येथील प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य भरदुपारी थेट माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. तो कोल्हापुरास ६ मेच्या, पुण्यास १३ मेच्या, मुंबईस १५ मेच्या आणि नागपुरास २६ मेच्या सुमारास येतो. सूर्य दक्षिणेकडे परतताना तो जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उलट क्रमाने पुन्हा येतो. अडचण एवढीच की मे महिन्यात शाळांना सुट्टी असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये आकाश ढगांनी भरलेले असते.

परंतु प्रयोगासाठी सावली शून्यच व्हावयास हवी असे नाही. एकाच दिवशी दोन ठिकाणी मोजलेल्या कोनांमधील फरक मिळाला म्हणजे पुरे, आणि त्यासाठी हिवाळ्यातील कोणताही निरभ्र दिवस चालतो. कोल्हापूर आणि धुळे ही शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, त्यामुळे दोन्हीकडे मध्यान्ह दोन-तीन मिनिटांच्या फरकाने होते. घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली असे मात्र समजू नये. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे आणि ही शहरे त्याच्या बरीच पश्चिमेस आहेत. त्यामुळे डिसेंबरात तेथे सूर्य साडेबाराच्या सुमारास मध्यावर येतो. म्हणून सव्वाबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर तीन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी आणि सर्वांत आखूड सावली नोंदवावी. काठी उभी आहे की नाही हे ओळंब्याने तपासावे, जमीन सपाट असावी, आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कोणीही पाहू नये.

२२ डिसेंबरला एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली गणिताप्रमाणे कोल्हापुरास सुमारे ८४.३ सेंटिमीटर आणि धुळ्यास सुमारे ९७.७ सेंटिमीटर पडते. काठी व सावली यांचा काटकोन त्रिकोण कागदावर प्रमाणात काढून वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजता येतो. त्रिकोणमिती शिकलेल्या विद्यार्थ्यांना तो कोष्टकावरून अधिक अचूक काढता येईल. हे कोन अनुक्रमे ४०.१ आणि ४४.३ अंश येतात. त्यांतील फरक ४.२ अंशांचा आहे. दोन्ही शहरांमधील सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४६५ किलोमीटर आहे. ते 'इस्रो'च्या 'भुवन' या नकाशा-संकेतस्थळावर मोजता येते. रस्त्याचे अंतर येथे चालत नाही. ३६० ला ४.२ ने भागून ४६५ ने गुणले असता सुमारे ३९,८५० किलोमीटर हे उत्तर मिळते. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे.

आता तीच मापे पूर्ण सेंटिमीटरमध्ये, म्हणजे ८४ आणि ९८ अशी घेतली, तर कोनांतील फरक ४.४ अंश होतो आणि उत्तर ३८,००० किलोमीटरवर येते. मोजपट्टीवरच्या तीन मिलिमीटरांनी पृथ्वी जवळजवळ दोन हजार किलोमीटरांनी आक्रसली! मोजमाप काळजीपूर्वक का करावे, हे विद्यार्थ्याला यापेक्षा अधिक परिणामकारकपणे सांगता येणार नाही.

एखादा चौकस विद्यार्थी येथे विचारील, 'नकाशा करणाऱ्याने पृथ्वीचे माप आधीच गृहीत धरले नसेल का?' हा प्रश्न विचारला गेला तर प्रयोग यशस्वी झाला असे शिक्षकाने समजावे. उपखंडाच्या मोजणीचे काम विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रास येथे जमिनीवर साखळीने पायारेषा मोजून सुरू केले. त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत ही मोजणी उत्तरेकडे सरकत गेली. पृथ्वीचा आकार नेमका किती, हे शोधणे हाही तिचा एक हेतू होता. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. पडद्यावर बोटाने मोजलेल्या अंतरामागे अशा पिढ्यांचे पायपिटीचे कष्ट आहेत, हे मुलांना कळले पाहिजे.

काही अडचणी व दक्षता

ऑनलाइन साधनांचा विचार करताना सर्व मुलांपाशी ती नाहीत, याचा विसर पडता कामा नये. अनेक घरांत एकच मोबाइल असतो आणि तो दिवसभर कामावर गेलेल्या वडिलांपाशी असतो. घरी आला तरी बहिणीच्या आधी तो भावाच्या हाती जातो. 'घरी चित्रफीत पाहून या' असा गृहपाठ दिला, तर ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे तोच विद्यार्थी मागे राहतो. म्हणून पाहण्याचे काम शाळेत, सर्वांनी मिळून करावे आणि घरी करावयाची कृती बिनखर्चाची व बिनमोबाइलची असावी. वर्णिलेल्या सावलीच्या प्रयोगाला संपूर्ण शाळेत एक मोबाइल पुरतो.

दुर्गम भागात जोडणी खंडित होते. त्यासाठी शिक्षकाने चित्रफिती व पुस्तके आधीच उतरवून ठेवावीत. 'फेट'च्या अनुकृतीही उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालविता येतात. चित्रफीत वर्गात लावण्यापूर्वी शिक्षकाने ती स्वतः एकदा पूर्ण पाहणे अगत्याचे आहे. आंतरजालावर उत्तम साहित्याशेजारीच चमत्काराच्या आणि खोट्या प्रयोगांच्या चित्रफितीही असतात. अशी एखादी चित्रफीत मुलांनी आणली तर रागावू नये; ती वर्गात करून पाहावी. दाखविले तसे घडते का, हे तपासण्याइतका चांगला विज्ञानाचा तास दुसरा नाही.

पाच मिनिटांच्या चित्रफितीसाठी पस्तीस मिनिटांची तासिका कशी वापरावी, याचाही थोडा विचार हवा. आरंभी प्रश्न मांडावा आणि काय घडेल याचा अंदाज प्रत्येकाला वहीत लिहावयास सांगावा. मग चित्रफीत अर्ध्यावर थांबवून चर्चा करावी, उरलेला वेळ कृतीला द्यावा आणि शेवटी आपला अंदाज व निरीक्षण यांतील फरक लिहून घ्यावा. वहीतील हा फरक जपून ठेवण्यासारखा असतो. आपण चुकलो होतो आणि का चुकलो हे आपल्याला कळले, याचा तो पुरावा असतो.

शिक्षकाचे स्थान

ऑनलाइन साधनांमुळे शिक्षकाचे महत्त्व कमी होईल, अशी शंका अधूनमधून व्यक्त केली जाते. माहिती सांगणे एवढेच शिक्षकाचे काम असेल, तर ती शंका खोटी म्हणता येणार नाही. परंतु कोणता प्रश्न केव्हा विचारावा, कोणत्या मुलाला कोणत्या गटात बसवावे, बल्ब पेटला नाही म्हणून हिरमुसलेल्या मुलीला पुन्हा तार जोडून पाहावयास कसे प्रवृत्त करावे, हे कोणताही पडदा जाणत नाही.

येत्या हिवाळ्यात आपल्या शाळेच्या उत्तरेस वा दक्षिणेस असलेल्या एखाद्या दूरच्या शाळेशी संपर्क साधावा, एक दिवस ठरवावा आणि काठी रोवावी. त्या दिवशी ढग आले तर दुसऱ्या दिवशी मोजावे. दोन जिल्ह्यांतील मुलांनी एकमेकांना कळविलेल्या दोन आकड्यांतून जेव्हा पृथ्वीचा आकार वहीत उतरेल, तेव्हा तो कोणी सांगितला म्हणून नव्हे, तर आपण स्वतः मोजला म्हणून त्यांना खरा वाटेल. विज्ञान शिकविण्याचा याहून मोठा हेतू नाही.